पॉलिशवाल्याला आधी थांबवा

प्रश्न, थोडक्यात: आमचे काका एकटे राहायचे. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माडीवर तीन खोल्यांत त्यांनी 40 वर्षांत फर्निचरचे 47 नग जमवले. खुर्च्या, पलंग, फडताळं, उतरतं लिखाणाचं डेस्क, एक बंगई. अट एकच, वस्तू कधीतरी कुणीतरी दुरुस्त केलेली हवी. धड वस्तू फुकट मिळाली तरी ते घेत नसत. आता वाडा पुनर्विकासाला गेला आहे. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत आणि वस्तू नातेवाइकांत वाटल्या जातील. त्याआधी एक देखणं पुस्तक करावं असं आम्हा भावंडांना वाटतं. फोटोग्राफर म्हणतो, सगळं पॉलिश करून घ्या, स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढे काढू. हे बरोबर आहे का? सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

पॉलिशवाल्याला आजच फोन करून थांबवा. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

पॉलिशवाला काय करतो ते डोळ्यांपुढे आणा. आधी पॉलिशपेपर मारतो, मग भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवतो, मग रंग देऊन सगळं लाकूड एका छटेत आणतो. नंतर जोडलेला पाय मूळच्या तीन पायांपासून ओळखू येऊ नये, यातच त्याचं कसब असतं. आणि तुमच्या काकांनी 40 वर्षं जमवला तो नेमका हा वेगळा ओळखू येणारा चौथा पाय. फर्निचर त्याच्यासोबत आलं, इतकंच. पॉलिश झालं की तुमच्याकडे 47 बऱ्यापैकी जुन्या वस्तू उरतील, संग्रह उरणार नाही.

मी 26 वर्षं चित्रांची आणि छायाचित्रांची पुस्तकं करते. संपादन, मांडणी आणि छपाईच्या वेळी यंत्राशेजारी उभं राहणं, असं तिन्ही. अगदी सुरुवातीच्या काळात एका घराण्याच्या फर्निचरचं पुस्तक माझ्याकडे आलं होतं. फोटो काढायच्या आधी त्यांनी सगळं चकाचक करून घेतलं, दोन खुर्च्यांची फाटकी वेतं काढून नवी बसवली, आणि मी गप्प बसले. पुस्तक छापून आलं. घरातल्या आजींनी ते शेवटपर्यंत चाळलं आणि विचारलं, "छान आहे गं, पण घर कुणाचं हे?" त्यानंतर मी गप्प बसणं सोडलं.

आता सुरुवातीचं. एकही वस्तू हलवायच्या आधी तिन्ही खोल्या आहेत तशा टिपा. झाडू मारा, पण खुर्चीवरची वर्तमानपत्रांची चळत उचलू नका. प्रत्येक खोलीचे चारही भिंतींकडून फोटो, दारातून दिसणारा फोटो, आणि काका जिथे बसत तिथून दिसणारा फोटो. मग मोजपट्टी घेऊन खोलीचा आराखडा हाताने काढा आणि प्रत्येक वस्तू कुठे, कुणाशेजारी आणि कुठे तोंड करून होती ते मांडा. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. हे राहिलं तर पुढे कितीही पैसे ओतून परत मिळणार नाही, कारण विक्षिप्त संग्राहकाचं अर्धं बोलणं त्याच्या मांडणीत असतं. बंगई दाराकडे पाठ करून का टांगली होती, हे सुटी बंगई कधीच सांगणार नाही.

याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण लंडनजवळच्या ट्विकनॅमचं आहे. होरेस वॉलपोल (1717–1797) हा पंतप्रधानाचा मुलगा आणि अव्वल दर्जाचा वल्ली. 1769 मध्ये परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला तो गळ्यात लाकडात कोरलेला गळपट्टा घालून उभा राहिला होता. ग्रिनलिंग गिबन्स या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने लाइमवुडात, म्हणजे लिंडन झाडाच्या लाकडात, कोरलेला तो पट्टा लेससारखा नाजूक आहे आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. स्ट्रॉबेरी हिल नावाच्या आपल्या घरात त्याने खुर्च्या, कपाटं, चित्रं, चिलखतं असं काय काय भरलं होतं. आपल्या कामाचा भाग असा की त्याने 1757 मध्ये घराच्या आवारातच छापखाना टाकला आणि 1774 मध्ये तिथेच या घराचं वर्णन छापलं. 1784 मध्ये त्याचीच वाढवलेली, चित्रांसह आवृत्ती काढली. हे वर्णन खोल्यांच्या क्रमाने जातं. या खोलीत काय, त्या खोलीत काय, अमुक वस्तू आली कुठून.

1842 मध्ये त्या घराचा लिलाव झाला. तो 24 दिवस चालला आणि सगळं दशदिशांना गेलं. लिलावाची यादीही छापली होती, पण लिलावाला वस्तूचा क्रमांक लागतो, तिचे शेजारी लागत नाहीत. 2018 मध्ये हरवलेल्या वस्तू काही महिन्यांसाठी पुन्हा त्या घरात आणून प्रदर्शन भरवलं गेलं, तेव्हा कोणती वस्तू कुठे ठेवायची याला आधार होता तो वॉलपोलच्या स्वतःच्या पुस्तकाचा. तुमच्या 47 वस्तूही दिवाळीनंतर पाच-सात घरांत जाणार आहेत. तुमचं पुस्तक लिलावाच्या यादीसारखं करायचं की वॉलपोलसारखं, हा निर्णय आधी घ्या. खुर्च्या एकीकडे, पलंग दुसरीकडे अशी प्रकारवारी सोयीची वाटेल, पण तिने काकांची मांडणी मोडते. मी खोल्यांच्या क्रमानेच जाईन.

रोमचे मारिओ प्राझ (1896–1982) हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आणि नेपोलियनच्या काळातल्या फर्निचरचे वेडे. लोकांना त्यांची नजर लागण्याची इतकी धास्ती की कित्येक जण त्यांचं नाव उच्चारायला कचरत. 1958 मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं ते स्वतःच्या घरातून खोलीमागून खोली चालत. मेजापाशी आले की मेज घेतलं त्या काळातल्या आठवणी, पलंगापाशी आले की मोडलेल्या संसाराच्या. काका लिहून गेले असते तर प्रश्नच नव्हता. आता तुम्हाला त्यांच्या वतीने चालायचं आहे आणि इथेच बहुतेक घरचे लोक घसरतात. काकांनी हे का केलं याचा मानसशास्त्रीय शोध लावू नका. "त्यांना तुटलेलं जोडायची ओढ होती" असली वाक्यं लेखक मंडळी आनंदाने लिहून देतील, घेऊ नका. काका काय म्हणत, कुणाजवळ म्हणत, कोणत्या वस्तूसाठी कुठवर गेले, एवढंच लिहा.

तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. या कामापुरता पुन्हा एक फेरा मारा. दिनकर केळकरांचाही जन्म 1896चाच. घरचा धंदा चष्म्यांचा, कविता 'अज्ञातवासी' नावाने, आणि वेड अडकित्ते, दिवे, दौती, किसण्या, कोरीव दरवाजे गोळा करण्याचं. असल्या घरगुती वस्तूंना तेव्हा कुणी संग्रहालयाच्या लायकीचं समजत नव्हतं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि सगळं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. तिथे अडकित्त्यांच्या कपाटापुढे दहा मिनिटं उभ्या राहा. एकटा अडकित्ता पाहून काहीच वाटत नाही, रांग पाहिली की माणसाची नजर दिसायला लागते. 47 दुरुस्त्यांचंही तेच होईल.

आता नग उलटे करा. या पुस्तकाचा खरा मजकूर बैठकीखाली, खणाच्या मागे आणि पलंगाच्या आतल्या बाजूला आहे. चौघांनी मिळून, खाली गोधडी घालून, सावकाश. प्रत्येक वस्तूचे निदान सहा फोटो: समोरून, बाजूने, मागून, खालून, आणि दुरुस्तीचे जवळून दोन.

दुरुस्ती केव्हाची हे सांगणाऱ्या खुणा असतात. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल तर ती दुरुस्ती 1930च्या दशकाआधीची असूच शकत नाही, कारण तसले स्क्रू तेव्हाच बाजारात आले. टोकदार लाकडी स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळले, त्याआधीचे बोथट टोकाचे. (पाहण्यासाठी स्क्रू काढू मात्र नका. आपसूक निखळलेला मिळाला तर पाहा.) पण इथे एक मेख आहे. सुतार जुना स्क्रू कधी फेकत नाही, डब्यात टाकतो. म्हणून जुन्या स्क्रूवरून दुरुस्ती जुनी ठरत नाही. नव्या स्क्रूवरून ती नवी आहे हे मात्र ठरतं. तारीख नेहमी सर्वांत नव्या खुणेवरून धरायची.

गोंदाचंही तसंच. सांध्याबाहेर ओघळून काचेसारखे ठिसूळ झालेले तपकिरी थेंब दिसले तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, गरम करून लावायचा. 1959 मध्ये फेव्हिकॉल आला, तो गरम करावा लागत नाही म्हणून सुतारांनी उचलला आणि सरसाचं भांडं चुलीवरून उतरलं. जोडाचं लाकूड कसं कापलंय ते बघा. करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर ते गोल यांत्रिक करवतीवर कापलेलं आहे. सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतील तर हातकरवत. वेताच्या बैठकीला चौकटीत ओळीने भोकं असतील तर वेत जागेवर हाताने विणलेलं. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार विणलेला वेताचा पट्टा खाचेत दाबून बसवलेला. आणि भोकांतून प्लास्टिकची तार ओवलेली असेल तर ती दुरुस्ती कदाचित तुमच्या लहानपणीची असेल. पुस्तकात या तारेची लाज बाळगू नका. काकांनी ती खुर्ची तिच्यासाठीच घेतली असेल.

लाकडाचं नाव लिहिताना फार जपा. आपल्याकडे काळं दिसलं की शिसवी म्हणायची पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पारशी आणि युरोपीय घरांसाठी भरगच्च कोरीव शिसवी फर्निचर मोठ्या प्रमाणात झालं. त्याचा दिमाख इतका की साध्या सागवानालाही काळा रंग देऊन तसं दाखवण्याची हौस आली. खालच्या न रंगवलेल्या भागात लाकूड सोनेरी-तपकिरी दिसलं तर तो रंगवलेला सागच असण्याचा संभव आहे. वजनाने अंदाज येतो, शिसम जड. खात्री नसेल तिथे फक्त "गडद रंगाचं कठीण लाकूड" लिहा. चुकीच्या नावापेक्षा हे हजारपट बरं.

हे सगळं तुम्ही एकट्याने करायचं नाही. जुन्या हाताचा एक सुतार शोधा, शक्यतो साठीच्या पुढचा, रंधा-पटाशीवर वाढलेला. त्याला दोन दिवस बोलवा आणि प्रत्येक नगापुढे बसवून बोलतं करा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवून. हा जोड असा का घातला, घाईत केलाय की निगुतीने, तू असतास तर काय केलं असतंस? मी एकदा असं केलं तेव्हा एका देव्हाऱ्याच्या पाठीमागची फळी पाहून सुतार म्हणाला, "ही पेटीची फळी आहे. माणसाकडे लाकडाला पैसे नव्हते, पण हात होता." एवढं एक वाक्य कुठल्या कलासमीक्षकाने मला आजवर दिलेलं नाही. त्याला दोन दिवसांचं मानधन द्या, चहावर भागवू नका. नाव श्रेयनामावलीत फोटोग्राफरच्या बरोबरीने घाला.

फोटोग्राफरच्या पांढऱ्या पडद्याबद्दल. मी त्याला सरसकट नाही म्हणणार नाही. ज्या नगांची आकृतीच बोलते, म्हणजे एक पाय वेगळ्या घाटाचा असलेली खुर्ची, तीन वेगवेगळ्या मुठी असलेलं फडताळ, अशांतले पाच-सहा तसे काढा. पण पडदा वाड्यातच लावा, टेंपोत घालून स्टुडिओत नेऊ नका. एका खेपेत किती सांधे निखळतील याचा भरवसा नाही. बाकी सगळं खिडकीच्या उजेडात, जागच्या जागी. कॅमेरा तिपाईवर आणि खुर्चीसाठी बैठकीच्या उंचीला. उभ्याने काढले की खुर्च्या बुटक्या आणि बिचाऱ्या दिसतात. वाइड लेन्स खोलीपुरती ठेवा, एकेका वस्तूला नको, पुढचा पाय हत्तीचा होतो. दुरुस्तीचा जवळचा फोटो घेताना उजेड एका कडेने, अगदी तिरका पाडा. पटाशीचा घाव, रंध्याची लाट, लांबीचा उंचवटा सगळं उठून दिसतं. आणि प्रत्येक खोलीत उजेड बदलला की रंगपट्टी धरून एक फोटो, नाहीतर छपाईच्या वेळी साग कोणता आणि शिसम कोणतं यावर भांडणं होतात.

त्याच्याशी लेखी करार करा. आपल्या 1957च्या स्वामित्वहक्क कायद्यात, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा असतो. मात्र करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. म्हणून त्याच्या कोटेशनच्या तळाची बारीक अक्षरं वाचा.

छपाईचं लवकर आटोपते, कारण हे छापखानावाला तुम्हाला सांगेलच. 20×30 इंची कागदाच्या एका फर्म्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेल्या एका तावात, साडेसात बाय दहा इंचांची 16 पानं बसतात. असे 10 फर्मे म्हणजे 160 पानं तुम्हाला पुरेत. याहून मोठा आकार मला पसंत नाही. मांडीवर न मावणारं पुस्तक लोक वाचत नाहीत, टेबलावर ठेवून धूळ पुसतात. कागद मॅट आर्ट, म्हणजे लेप दिलेला पण न चकाकणारा, वजनाला 130 किंवा 150 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद हाताला गोड लागतो पण शाई पितो, आणि गडद लाकडाचे फोटो त्यावर कोळशासारखे येतात. आर्ट पेपरवरही हा धोका आहेच. रंगीत छपाईच्या चारही शाया भरभरून पडल्या की लाकडाच्या रेषा बुजतात आणि तुमची अख्खी दुरुस्ती अंधारात जाते. फोटोंवर काम करणाऱ्याला सांगा की सावल्या मोकळ्या ठेव. पहिला फर्मा यंत्रावर चढेल तेव्हा स्वतः जा आणि सर्वांत काळी वस्तू त्याच फर्म्यात येईल अशी पानं लावा. बांधणी दोऱ्याने शिवलेली, पुठ्ठ्याची. आणि पलंगाचा फोटो दोन पानांवर पसरवायचा मोह झाला तर आधी बघा, जोड नेमका मधल्या शिवणीत तर जात नाही ना. माझा एकदा गेलाय.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्यालाही. प्रकाशनानंतर 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. लोक हे टाळतात, तुम्ही टाळू नका. 50 वर्षांनी कुणाला काकांचा शोध घ्यायचा झाला तर तो तिथेच लागेल. एखाद्या पेटीवर हस्तिदंताचा जडाव आढळला तर तसं स्पष्ट लिहा, पण वाटणीत त्या वस्तूची खरेदी-विक्री मनात आणू नका, वन्यजीव कायद्याने ती बंद आहे. 100 वर्षांहून जुन्या वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि परदेशातल्या चुलतभावाला त्या परस्पर पाठवता येत नाहीत. त्याला पुस्तक पाठवा. आणि किमती पुस्तकात अजिबात नकोत. काकांनी दिलेली किंमत त्यांच्या वहीत सापडली तर तेवढी छापा. आजची किंमत छापली की सगळं पुस्तक वाटणीचा कागद होतं.

इंग्रजी मजकूरही घालायचा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. माझं मत: मजकूर मराठी, शेवटी चार पानांचा इंग्रजी गोषवारा. सुताराने सांगितलेलं तुम्ही इंग्रजीतून लिहायला घेतलंत की त्याचे निम्मे शब्द गळतील आणि उरलेल्यांना कोट-टाय चढेल. वॉलपोलच्या बाबतीत जी चैन होती, म्हणजे घरचा छापखाना आणि हवा तितका वेळ, ती तुम्हाला नाही. दिवाळीपर्यंत पुस्तक छापून झालं पाहिजे हा हट्ट सोडा. दिवाळीपर्यंत फोटो, आराखडे, मापं आणि सुताराचं बोलणं एवढं हातात आलं पाहिजे. मजकूर आणि मांडणीला नंतर सहा-आठ महिने घ्या. 300 प्रती पुष्कळ होतात.

प्रत्येक नगाला क्रमांक द्या, पण चिकटपट्टी लावू नका, ती निघताना जुनी लाख घेऊन निघते. सुती फितीला कागदाची चिठ्ठी बांधा, पेन्सिलने लिहून. वाटणी होऊन वस्तू त्या त्या घरी गेली तरी चिठ्ठी तिच्यावरच राहू दे, पुस्तकातला क्रमांक तोच ठेवा.

आणि काकांची हिशेबाची वही असेल, असतेच, तर ती पानापानाने स्कॅन करा. पुठ्ठ्याची आतली बाजूही सोडू नका. सुतारांची नावं आणि पत्ते माणसं तिथे लिहून ठेवतात.